उरलेल्या तीन पायांचं गणित

उभ्या कुत्र्याचं वजन चारही पायांवर सारखं वाटलेलं नसतं. साधारण ६० टक्के पुढच्या दोन पायांवर आणि ४० टक्के मागच्या दोन पायांवर असतं. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याचा पुढचा एक पाय ६ किलो पेलतो आणि मागचा ४. पुढचा पाय काढावा लागला तर उरलेल्या एकट्या पुढच्या पायावर जवळपास निम्मा भार येतो आणि बाकीचा मागे सरकतो. मागचा पाय गेला तर उरलेल्या मागच्या पायावर साधारण पाव हिस्सा पडतो आणि राहिलेलं वजन पुढचे दोघे वाटून घेतात. मागचा पाय गेलेला कुत्रा सहसा लवकर सावरतो तो म्हणूनच. ऑपरेशननंतर घरातल्या सगळ्यांचं लक्ष टाक्यांकडे असतं. टाके दोन आठवड्यांत निघतात, हे तीन पाय मात्र कुत्र्याच्या उरलेल्या आयुष्यभर सांभाळावे लागतात.

पुण्यात ही वेळ बहुतेकदा रस्त्यावरच्या अपघातामुळे येते. उभ्या गाडीखाली सावलीत झोपलेल्या कुत्र्यावरून चाक जातं, दुचाकीची धडक बसते. हाडाचा चुरा होणं समजतं. पण कधी हाड शाबूत असतं आणि खांद्यातला नसांचा जुडगा मणक्यापासून उपटला गेलेला असतो. मग पाय लोंबतो, पंजा उलटा होऊन रस्त्यावर घासतो, वरच्या बाजूला जखमा होतात आणि संवेदना नसल्यामुळे कुत्रा स्वतःचीच बोटं कुरतडतो. दुसरं कारण घट्ट बँडेजचं किंवा पायात अडकलेल्या दोरीचं: रक्तपुरवठा बंद पडून पाय काळा पडतो.

मोठ्या जातींत, म्हणजे रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, जर्मन शेफर्ड यांच्यात, हाडाचा कर्करोग हे कारण असतं. त्याचं नाव ऑस्टिओसार्कोमा. हा ठरावीक जागी जास्त दिसतो: मनगटाच्या वर, खांद्याजवळ, गुडघ्याच्या आसपास. इथे एक गोष्ट मालकाला स्पष्ट सांगायला हवी. पाय काढल्याने वेदना थांबते, कर्करोग सहसा थांबत नाही, कारण निदान होईपर्यंत त्याच्या पेशी बहुतेक कुत्र्यांत फुप्फुसांपर्यंत पोचलेल्या असतात, एक्स-रेत दिसल्या नाहीत तरी. नुसत्या ऑपरेशननंतर निम्मे कुत्रे साधारण चार-पाच महिन्यांपलीकडे जगत नाहीत. कार्बोप्लॅटिनसारखी केमोथेरपी जोडली तर ही मुदत दहा महिने ते वर्षापर्यंत जाते. हे महिने बिनदुखण्याचे जातात, हा फायदा लहान नाही. पण तो घ्यायचा की नाही, हे आकडे ऐकूनच ठरवावं.

ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासणी होतेच. उरलेल्या पायांच्या सांध्यांची तपासणीही मागून घ्या. खुब्याचा सांधा सैल असेल किंवा गुडघ्यातला लिगामेंट आधीच फाटलेला असेल तर सगळं गणित बिघडतं. आपल्याकडे गोचीड ताप घरोघरी असतो आणि त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात, म्हणून त्यांचा आकडा विशेष बघावा लागतो. त्या कमी असतील आणि टाळता येण्याजोगी घाई केली, तर टेबलावर रक्त थांबत नाही.

‘डॉक्टर, थोडा तरी पाय ठेवा की,’ असं बहुतेकजण म्हणतात. अर्धवट ठेवलेला पाय कुत्रा टेकवू बघतो. फरशीवर आपटून त्याचं टोक सोलवटतं, जखम चिघळते आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. म्हणून पुढचा पाय खांद्याच्या फऱ्यासकट काढतात, आणि मागचा मांडीच्या मधून किंवा खुब्याच्या सांध्यातून. कृत्रिम पाय लावायचा विचार असेल तर तो ऑपरेशनच्या आधी बोलायला हवा. त्यासाठी पायाचा पुरेसा भाग शिल्लक लागतो आणि खांद्यापासून काढलेल्या जागी तो बसवता येत नाही. पण एकच पाय गेला असेल आणि बाकीचे तीन धडधाकट असतील, तर बहुतेक कुत्र्यांना कृत्रिम पाय किंवा चाकाची गाडी लागतच नाही.

घरी आणल्यावरची पहिली लढाई वेदनेशी असते. कुत्रा दुखतंय म्हणून ओरडेलच असं नाही. तो धापा टाकतो, रात्री जागा बदलत राहतो, थरथरतो, आवडीचं चिकनही हुंगून सोडून देतो. झोपेत श्वास मोजा. मिनिटाला ३० पेक्षा कमी असायला हवेत. हिरड्या गुलाबी दिसायला हव्यात, आणि बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा रंग भरायला हवा. त्या पांढुरक्या पडल्या तर आत रक्तस्राव असू शकतो. सकाळची वाट बघायची नाही.

सूज आणि वेदनेसाठी बहुधा मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन देतात, नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन. मेलॉक्सिकॅमचा कुत्र्यातला नेहमीचा डोस पहिल्या दिवशी किलोला ०.२ मिलिग्रॅम आणि नंतर ०.१ असतो. २० किलोच्या कुत्र्याला रोज २ मिलिग्रॅम झाले. माणसांची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते. म्हणजे मोठी गोळी अख्खी दिली तर सातपटीहून जास्त औषध पोटात जातं. हे औषध पोट भरल्यावरच द्यायचं. उलटी झाली, शी काळी डांबरासारखी दिसली किंवा खाणं थांबलं, तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना फोन करायचा. त्यासोबत स्टेरॉइड अजिबात नको. आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक ही घरातल्या डब्यातली औषधं कुत्र्याला विषारी ठरू शकतात. ‘अर्धी देऊन बघू’ हा पुणेरी काटकसरीपणा इथे चालत नाही.

गॅबापेंटिनची आणखी एक भानगड आहे. ते माणसांच्या दुकानातून आणावं लागतं, आणि केमिस्ट ‘तेच आहे हो’ म्हणत नॉर्ट्रिप्टिलिन हे दुसरंच औषध मिसळलेली गोळी पुढे करतो. पाकिटावर फक्त गॅबापेंटिन लिहिलेलं असल्याची खात्री करा. माणसांसाठीच्या पातळ औषधात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असू शकतो. तो कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम पाडतो. गॅबापेंटिनने गुंगी येते, तोल जातो. ‘तीन पायांवर जमत नाहीये’ असं वाटतं ते पुष्कळदा औषध असतं, आणि डोस कमी केल्यावर कुत्रा नीट उभा राहतो. मात्र बरेच दिवस चाललेली गोळी एका दिवसात तोडायची नसते.

जखमेची जागा बरी दिसत असताना कुत्रा मधेच किंचाळून उठतो, नसलेल्या पायाकडे वळून बघतो, ती जागा चाटत राहतो: ही नसलेल्या पायातली वेदना असू शकते. कापलेली नस मेंदूकडे संदेश पाठवणं थांबवत नाही. म्हणूनच चांगले सर्जन नस कापण्याआधी तिच्याभोवती बधिर करणारं इंजेक्शन देतात. तसं दिलं होतं का, हे विचारायला हरकत नाही.

जखम दिवसातून दोनदा उजेडात बघावी. पहिले दोन-तीन दिवस टॉवेलमध्ये गुंडाळलेली बर्फाची पिशवी १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पोटाखाली जांभळट डाग उतरतात, नराच्या शिश्नाच्या भोवतीही दिसतात. हे रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली झिरपलेलं असतं, आठवड्याभरात जातं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टाक्यांच्या खालच्या टोकाला पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी मऊ सूज आली तर घाबरू नये. पाय काढल्यावर कातडीखाली रिकामी जागा राहते, तिथे पाणी साठतं. कुत्रा जितका उड्या मारेल तितकं ते जास्त साठतं. घरी सुई घालून काढायचा प्रयत्न केला तर जंतू आत जातात. सूज गरम, कडक, दुखरी असेल, पू किंवा वास येत असेल, किंवा ताप १०३ फॅरनहाइटच्या वर असेल तर दवाखाना. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १००.५ ते १०२.५ असतं हे ध्यानात ठेवून थर्मामीटर वाचावा.

हळद लावू नये. टाक्यांच्या ओलाव्यात तिचा लगदा होतो आणि कातडी लाल झालीय की पू धरलाय हेच कळेनासं होतं. डेटॉल, स्पिरिटही नको. सलाइनमध्ये भिजवलेला गॉज पुरे. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला कोन टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, काढायचा नाही. पावसाळ्यात माशी हा खरा शत्रू. ओल्या जखमेवर घातलेल्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या निघतात. जाळीची खिडकी, वर पंखा आणि कोरडं अंथरूण. अळ्या दिसल्याच तर घरचं टर्पेंटाइन न ओतता डॉक्टरांकडून काढून घ्याव्यात.

लघवी पहिल्या २४ तासांत व्हायला हवी. शी दोन-तीन दिवस झाली नाही तरी चालतं. उपास आणि वेदनाशामक इंजेक्शनांनी आतडी मंदावलेली असतात.

आता फरशी. पुण्यातल्या नव्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत व्हिट्रीफाइड टाइल्सवर तीन पायांचा कुत्रा घसरतो, आणि एकदा जोरात आपटला की चालायलाच घाबरतो. जुन्या घरांतली खरखरीत शहाबादी फरशी त्या मानाने कितीतरी बरी. सतरंजी किंवा गोणपाट टाकून भागत नाही, तेच पायाखालून सरकतं. मागे रबर असलेली मॅट किंवा योगा मॅट सलग पट्टीने अंथरावी: झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत. मधे दोन फुटांची फट ठेवली की नेमका तिथेच पडतो. पंज्याच्या गाद्यांमधले केस कापावेत, नखं आखूड ठेवावीत. अंथरूण घट्ट फोमचं हवं. मऊ रजईत रुतून त्याला उठता येत नाही.

पहिले काही दिवस उठवताना आधार लागतो. मागचा पाय गेला असेल तर दुमडलेला टॉवेल पोटाखालून, मांडीच्या पुढून घेऊन वर धरायचा. उचलायचा नाही, फक्त पडण्यापासून वाचवायचं. नराच्या बाबतीत तो टॉवेल नेमका लघवीच्या जागेवर दाबतो आणि तो बिचारा नुसता उभा राहतो. अशा वेळी टॉवेल सैल सोडून कंबरेला बाजूने हात लावावा. सवयीचे गुलाम असलेले नर खांब दिसला की उरलेला एकुलता एक मागचा पाय उचलतात आणि कोसळतात. दोन-चार दिवसांत काही वाकून करायला शिकतात, काही पुढच्या दोन पायांवर उभे राहून. पुढचा पाय गेलेल्याला पाठीवर मूठ असलेला छातीचा पट्टा घ्यावा. गळ्याच्या पट्ट्याने ओढलं की तो नाकावर पडतो.

पहिले दोन आठवडे फक्त शी-शूपुरतं पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा, पट्टा बांधून. जिना, सोफा, उड्या बंद. टाके निघाल्यावर दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवावीत. इथे एक उलटी गोष्ट कळून घ्यावी: तीन पायांच्या कुत्र्याला हळू चालणं जास्त दमवतं. चार पायांचा कुत्रा चालताना दोन-तीन पाय जमिनीवर ठेवून वजन एकाकडून दुसऱ्याकडे देतो. याला मात्र दर पावलाला उडी मारावी लागते, आणि वेग कमी असेल तर ती उडी सगळी स्नायूंच्या जोरावर. थोडा वेग आला की पुढे जाण्याची गतीच मदत करते. म्हणून तो दहा पावलं झपाझप जातो आणि बसतो. त्याला बसू द्यावं.

घरच्या व्यायामासाठी मशीन लागत नाही. सपाट जागी उभं करून खाऊचा तुकडा नाकापासून खांद्यापर्यंत आणि मग कंबरेपर्यंत न्यायचा, पाय न हलवता मान वळली पाहिजे. दोन्ही बाजूंना पाच-पाच वेळा. मग बसणं-उठणं पाच वेळा, पुढे दहा. मग पुढचे पाय उशीवर ठेवून दहा सेकंद उभं राहणं. पाय थरथरायला लागला की त्या दिवसाचं संपलं. पाण्यातला व्यायाम उत्तम, पण टाके निघून कातडी पूर्ण मिटल्यावरच.

टेकडीवर नेणाऱ्यांसाठी: तळजाई किंवा वेताळ टेकडीचा चढ मागचा पाय गेलेल्याला जड जातो, उतार पुढचा पाय गेलेल्याला, कारण उतरताना वजन पुढे येतं. तिथे पट्ट्याची मूठ धरून हळू उतरवावं. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर जावं. तापलेल्या डांबरावर पाय आलटून पालटून उचलण्याची चैन याला नसते. स्कूटरच्या पायापाशी उभं करून नेणंही आता विसरायचं. वळणावर तोल सावरायला चौथा पाय नाही.

वजन वाढलं तर केलेलं सगळं पाण्यात जातं. २० किलोच्या कुत्र्याला पूर्ण विश्रांतीत दिवसाला सुमारे ६६० किलोकॅलरी लागतात, हिंडत्या-फिरत्याला त्याच्या दीडपट. तूप लावलेल्या दोन चपात्याच अडीचशेच्या वर जातात. जखम भरायला प्रथिनं हवीत: उकडलेलं चिकन, अंडं, थोडं पनीर. कांद्याची फोडणी नको, कांद्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना ठळक दिसायला नकोत. दर सहा महिन्यांनी उरलेल्या पायांचे सांधे तपासून घ्यावेत, विशेषतः गुडघा आणि मनगट.

एक बारीक गोष्ट सगळेच विसरतात. उजवा मागचा पाय गेलेला कुत्रा उजवा कान खाजवू शकत नाही. नुसती कंबर हलते. त्या कानात मळ साचतो, गोचीड बसतात, आणि खाजवताना दिसत नाही म्हणून कळतही नाही. तो कान आपणच आठवड्यातून एकदा बघायचा, आणि खाजवून द्यायचा.

रस्त्यावरच्या कुत्र्याचं प्रकरण वेगळं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण झालेला कुत्रा सहसा जिथून उचलला तिथेच सोडायचा असतो. पाय काढलेल्याला मात्र टाके निघाले की लगेच सोडणं घाईचं ठरतं. निसरड्या जागी न पडता वळता येतं का, दुसरा कुत्रा अंगावर आल्यास पळता येतं का, हे मोकळ्या अंगणात आधी बघावं. नर असेल तर त्याच भुलेत नसबंदी झाली असली तर मारामाऱ्या कमी होतात. सोडल्यावर खाणं रोज एकाच वेळी, रस्त्यापासून आत, पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवावं, म्हणजे त्यासाठी त्याला रस्ता ओलांडावा लागत नाही. वॉचमनला उरलेल्या पायाचा पंजा दाखवून ठेवावा. त्याला सूज आली किंवा कुत्रा तो टेकवेनासा झाला, तर त्याच दिवशी कळायला हवं.