रुमाल टाकून धरलेली फाइल

एसटी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी मंडळी आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. रुमालात तसा काही जोर नसतो. आत शिरलेल्याने मानला तर जागा धरलेली. उचलून बाजूला ठेवला आणि बसला, तर भांडण फार तर होईल. दोन प्रोग्रॅमनी एकाच वेळी एकाच फाइलमध्ये लिहून घोळ घालू नये म्हणून फाइलला लॉक लावतात. लिनक्समधलं फाइल-लॉक हे बहुतेक वेळा असं रुमालाचं लॉक असतं. प्रोग्रॅम कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, नोंद करतो की ही फाइल मी धरली आहे. दुसऱ्याने लॉक मागितलं तर त्याला थांबावं लागतं, पण मागितलंच नाही तर तो खुशाल त्याच फाइलमध्ये लिहून मोकळा होतो.

विंडोजने मात्र दारावर माणूस बसवला आहे. फाइल उघडतानाच सांगायचं: मी आत असेपर्यंत इतरांनी वाचलेलं चालेल का, लिहिलेलं चालेल का, पुसलेलं चालेल का. नाही म्हटलं की विंडोज स्वतः इतरांना अडवतं. ‘फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे’ हा डोकं उठवणारा निरोप तिथूनच येतो. लिनक्समध्ये उघडी फाइलही पुसता येते. नाव जातं, मजकूर मात्र शेवटचा वापरणारा ती बंद करेपर्यंत डिस्कवर तसाच राहतो. भलीमोठी लॉग फाइल उडवूनही डिस्क भरलेलीच का दिसते, याचं कोडं सर्व्हर सांभाळणाऱ्या नवशिक्याला हमखास पडतं.

दोन्हीकडे चालणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना यामुळे काय काय करावं लागतं, ते एसक्यूलाइटमध्ये बघावं. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेला हा छोटेखानी डेटाबेस तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे. त्याची फाइल वाढत वाढत १,०७,३७,४१,८२४ बाइटांच्या, म्हणजे १ जीबीच्या पुढे गेली की तिथलं एक पान, म्हणजे फाइलचा एक ठरावीक मापाचा तुकडा, वापरायचं सोडलेलं असतं. हा फॉरमॅट ठरला तेव्हा जिकडेतिकडे विंडोज ९५ होतं आणि त्यातलं लॉक सक्तीचं. ज्या बाइटांवर लॉक, ते बाइट दुसऱ्याला वाचताही येत नाहीत. मग लॉक लावायचं कुठे? जिथे माहिती कधीच ठेवायची नाही अशा जागी! फाइल लहान असली तर ही जागा तिच्या टोकापलीकडे पडते, पण तिथेही लॉक लावता येतं. बरं, अनेक वाचकांनी मिळून धरायचं सामाईक लॉक विंडोज ९५ ला माहीतच नव्हतं. म्हणून ५१० बाइटांचा पट्टा राखला. प्रत्येक वाचकाने त्यातला कुठला तरी एक बाइट धरायचा, लिहिणाऱ्याने अख्खा पट्टा. इतका साधा जुगाड मला मोठमोठ्या तंत्रांपेक्षा जास्त भावतो.

लिनक्स ज्या घराण्यातलं, त्या युनिक्सच्या वाटेवरचा खड्डा वेगळा आहे. पोसिक्स या युनिक्सच्या मानकातलं लॉक असतं प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या, नावावर. त्याच प्रोसेसमधल्या एखाद्या लायब्ररीने तीच फाइल पुन्हा उघडून नुसती वाचली आणि बंद केली, तरी आधीचं लॉक सुटतं, तेही गुपचूप. असा नियम करताना कोणाच्या डोक्यात काय होतं, देव जाणे. एसक्यूलाइट म्हणूनच लॉक असेपर्यंत फाइल बंद करणं पुढे ढकलतं. लिनक्समध्ये २०१४ साली, ३.१५ या आवृत्तीत, प्रोसेसऐवजी उघडलेल्या फाइलशी बांधलेलं लॉक आलं.

हे सगळं एका मशीनवरचं. फाइल सर्व्हरवर आणि वापरणारे दहा मशीनवर, असं झालं की मध्ये दुभाषा लागतो. विंडोजवाल्यांना लिनक्सवरच्या फाइली देणारं साम्बा हे असंच दुभाषी सॉफ्टवेअर. विंडोजचा क्लाएंट, म्हणजे फाइल मागणारं मशीन, म्हणतो, ‘इतरांना लिहू देऊ नका.’ लिनक्सला ही भाषाच ठाऊक नाही, तेव्हा साम्बा स्वतःची वही ठेवतं आणि तिच्यावरून बाकीच्या क्लाएंटना अडवतं. पण कोणी थेट सर्व्हरवर लॉगिन करून तीच फाइल बदलली, तर तो वही बघायला थोडाच येणार आहे?

नेटवर्कवरून फाइली देण्याच्या लिनक्स-युनिक्सवाल्यांच्या पद्धतीने, एनएफएसने, आवृत्ती ४ पासून लॉकला मुदत जोडली. क्लाएंटने अधूनमधून ‘मी आहे’ असं कळवत राहायचं. लिनक्सच्या सर्व्हरवर ही मुदत सहसा ९० सेकंदांची असते. तेवढ्यात आवाज आला नाही तर सर्व्हर लॉक दुसऱ्याला देऊ शकतो. खरी गोम इथेच आहे. गप्प झालेला क्लाएंट मेला की नुसता अडकला, हे सर्व्हरला बाहेरून कळत नाही. दोन मिनिटांनी तो जागा होतो आणि लॉक अजून आपलंच आहे अशा समजुतीत लिहायला घेतो.

यावर तोड म्हणजे चढते नंबर. गूगलने चबी या आपल्या लॉक-सेवेची माहिती २००६ साली प्रसिद्ध केली, तिच्यातही अशी सोय आहे. प्रत्येक नव्या लॉकबरोबर आधीपेक्षा मोठा नंबर मिळतो आणि लिहिताना तो दाखवावा लागतो. डिस्क सांभाळणाऱ्या सर्व्हरने ७२ नंबर पाहिला असेल, तर झोपेतून उठून ७१ घेऊन आलेल्याला तो दारातूनच परत पाठवतो.