पट्टीमागचं काँक्रीट

म्हापशातल्या एका जुन्या इमारतीत, बीमच्या पोटाला मजबुतीसाठी चिकटवलेली कार्बन तंतूंची पट्टी मी हातोडीने ठोकत गेलो. आधी खणखणीत आवाज, हातभर पुढे बद्द. पट्टी शाबूत होती, तिच्यामागचं काँक्रीट सुटलं होतं.

बीमला बाहेरून पट्टी चिकटवून बळ द्यायची ही पद्धत कार्बनच्या आधीची. १९६०च्या दशकात फ्रान्स आणि दक्षिण आफ्रिकेत बीमला खालून इपॉक्सीने, म्हणजे घट्ट धरणाऱ्या रासायनिक गोंदाने, पोलादी पत्रे चिकटवू लागले. भार आला की बीमची खालची बाजू ताणली जाते, म्हणून पत्रा तिथे. पण पत्रे जड, इपॉक्सी धरेपर्यंत टेकू लावावे लागत. शिवाय पत्र्याच्या पाठीला गंज चढला तर बाहेरून पत्ताही लागत नसे.

पुढे स्वित्झर्लंडच्या एम्पा प्रयोगशाळेत उर्स मायर यांनी पोलादाऐवजी कार्बन तंतूंची पट्टी आणली. ल्युसर्नजवळच्या इबाख पुलात, सिग्नलसाठी भोक पाडताना, प्रीस्ट्रेसिंगची, म्हणजे काँक्रीटला दाबून धरणारी ताणलेली पोलादी केबल दुखावली होती. १९९१ मध्ये तो दुरुस्त झाला. १७५ किलो पोलादाचं काम ६.२ किलो कार्बनने भागवलं! हा आकडा मला आजही थक्क करतो. १९९५च्या कोबे भूकंपानंतर जपानमध्ये खांबांना कार्बनचं कापड गुंडाळायला जोर आला.

गोव्यात मूळ दुखणं वेगळं आहे. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला तो केबली गंजल्याने. पूल जेमतेम १६ वर्षांचा होता. खाऱ्या हवेत सळी गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. त्यावर नुसती पट्टी मारली तर आतला गंज थांबत नाही. आधी सुटं काँक्रीट फोडायचं, सळ्या घासायच्या, नव्याने भरायचं, मगच ग्राइंडरने घासणं, प्रायमरचा पहिला थर आणि पट्टी. तीही पृष्ठभाग पूर्ण कोरडा असताना. आपल्या पावसाळ्यात हे साधणं फार कठीण, तरी जुलैत काम उरकायची घाई मी पाहिली आहे, आणि तिचा मला राग येतो.

पट्टीची पकड तपासायला तिच्यावर लोखंडी चकती चिकटवून ओढतात. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या (एसीआय) ४४० मार्गदर्शिकेनुसार जोडाने १.४ मेगापास्कलहून (चौरस सेंटिमीटरला साधारण १४ किलो) जास्त ताण सोसायला हवा आणि तुटताना काँक्रीट फाटायला हवं, इपॉक्सी सुटून चालत नाही.

म्हापशाची ती पट्टी आम्ही कापून काढली. मागे काँक्रीटचा पातळ पापुद्रा चिकटून आला, आणि त्यावर सळीच्या रेषेत तपकिरी डाग होता.