पेशीतली मोटर थरथरत फिरते

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक व्हिडिओ आला. जांभळ्या अंधारात अळंबीसारखं दिसणारं एक यंत्र, त्याची खालची चकती गरगर फिरतेय आणि वरच्या टोपीतून चमचमते गोळे बाहेर पडतायत. खाली ओळ: ‘ऋषीमुनींनी सांगितलेली चक्रं अखेर विज्ञानाला सापडली!’ त्यावर हात जोडलेल्यांची रांग.

यंत्र खरं आहे. त्याचं नाव एटीपी सिन्थेज. त्याचा चक्रांशी काडीचा संबंध नाही. चक्रं सात सांगतात, ही यंत्रं एकेका पेशीत हजारोंनी असतात, आणि तुमच्याइतकीच ती पालकाच्या पानात आणि गटारातल्या जीवाणूतही असतात. पालकाची कुंडलिनी जागृत झाल्याचं अजून कोणी म्हटलेलं नाही. मला खटकली ती दुसरीच गोष्ट. व्हिडिओतली चकती टेबलफॅनसारखी गुळगुळीत फिरत होती. खरी तशी फिरत नाही, आणि सगळी गंमत तिथंच आहे.

दहावीच्या पुस्तकातलं आठवा. एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन, आणि ते तयार होतं तंतुकणिकेत. दिवसभरात आपण साधारण आपल्या वजनाइतकं एटीपी वापरतो, पण कुठल्याही क्षणी अंगात असतं ते शंभर ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तीच नोट दिवसातून शेकडो वेळा मोडायची आणि पुन्हा छापायची. छापखाना म्हणजे हे यंत्र. त्याची रुंदी सुमारे 10 नॅनोमीटर, एका मिलिमीटरच्या रेषेवर एक लाख मावतील.

छापखाना चालतो कशावर? आपण खाल्लेल्या अन्नाचं ज्वलन करताना तंतुकणिका प्रोटॉन आतल्या पटलाच्या बाहेर ढकलत राहते. बाहेर गर्दी, आत टंचाई. बाहेरच्या प्रोटॉनच्या परत आत शिरण्याच्या ओढीवर छापखाना चालतो. ही कल्पना ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी 1961 साली मांडली तेव्हा बहुतेकांनी ती उडवून लावली. पुढं त्यांनी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल इथल्या एका जुन्या वाड्यात स्वतःची प्रयोगशाळा थाटून काम चालू ठेवलं आणि 1978 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पटलाच्या दोन बाजूंमध्ये फरक जेमतेम 0.15 ते 0.18 व्होल्टचा. पण पटलाची जाडी 5-6 नॅनोमीटर! तेवढ्या जाडीवर हा फरक म्हणजे सेंटिमीटरला जवळजवळ तीन लाख व्होल्ट. कोरड्या हवेत ठिणगी पडायला याचा दहावा हिस्सा पुरतो.

इथं सगळे धरणाचा दाखला देतात: वर साठा, खाली पाती, पाणी पडलं की चाक फिरलं. मीही देत असे. पण तो अर्धाच लागू पडतो, कारण प्रोटॉन पात्यावर आदळत नाही. या आकाराच्या जगात पाण्याचे रेणू सगळ्या बाजूंनी इतके धडका देतात की कुठलंही चाक कायम मागं-पुढं थरथरत असतं. त्याला ढकलण्याची गरजच नाही. गरज आहे ती एका दिशेची थरथर मान्य करून दुसऱ्या दिशेची रद्द करण्याची.

जत्रेतला गोल फिरणारा पाळणा डोळ्यांसमोर आणा. यंत्राची खालची चकती हा पाळणा, गायीच्या आणि माणसाच्या तंतुकणिकेत त्याला 8 आसनं. प्रत्येक आसनावर ग्लुटामेट नावाचं एक अमिनो आम्ल आहे. त्यावर प्रोटॉन बसलेला असेल तर ते उदासीन, नसेल तर ऋणभारित. पाळणा फिरतो तेलकट पटलात, आणि तेलात भारित वस्तूला प्रवेश नाही. म्हणजे रिकाम्या आसनाला तेलाच्या बाजूला सरकता येत नाही, भरलेल्याला येतं. चकतीला लागून एक स्थिर भिंत आहे, तिच्यात दोन अर्धवट वाटा. एक फक्त बाहेर उघडते, दुसरी फक्त आत, आणि त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. बाहेरचा प्रोटॉन पहिल्या वाटेनं येऊन आसनावर बसतो. आता थरथरीत चकती त्या बाजूला सरकली तर आसन सुखानं तेलात शिरतं. जवळजवळ पूर्ण फेरी मारून ते दुसऱ्या वाटेपाशी पोचतं आणि प्रोटॉन आत उतरतो. चढायचं आणि उतरायचं दार अगदी शेजारी, पण मधून सरळ जाता येत नाही, कारण दोन्हींच्या मध्ये आर्जिनिन या आणखी एका अमिनो आम्लाचा धनभार पहाऱ्याला उभा. चकती उलट सरकायला गेली की रिकामं आसन तेलाच्या काठाशी अडतं. तरीही ती क्वचित मागं जातेच. पण बाहेर गर्दी असल्यामुळं चढणारे जास्त, उतरून परत येणारे कमी, आणि हिशोब पुढंच सरकतो.

चकतीच्या मधोमध एक वाकडा दांडा आहे, तो वरच्या टोपीत घुसलेला. टोपीत एटीपी बनवायच्या तीन जागा. दांडा वाकडा असल्यामुळं फिरताना तो प्रत्येकीला आळीपाळीनं वेगळा दाबतो: एक उघडी, एक सैल, एक घट्ट. आणि इथं अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ पॉल बॉयर यांनी अशी गोष्ट सांगितली जी मला अजूनही उलटीच वाटते. एडीपी आणि फॉस्फेट, म्हणजे एटीपी मोडल्यावर उरणारे दोन तुकडे, घट्ट जागेत अडकले की एटीपी जवळजवळ फुकटात बनतं. ऊर्जा लागते ती बनलेलं एटीपी त्या जागेतून सोडवायला. वसूल करायला नव्हे, मूठ सैल करायला पैसे मोजावे लागतात म्हणा ना. जॉन वॉकर यांच्या गटानं 1994 मध्ये गायीच्या हृदयातून काढलेल्या टोपीची रचना क्ष-किरणांनी उलगडली, तेव्हा तिन्ही जागा खरोखर तीन वेगळ्या अवस्थांत सापडल्या. दोघांना 1997 चं नोबेल मिळालं.

एका फेरीत तीन एटीपी, आणि त्यासाठी 8 प्रोटॉन. आठाला तीननं भाग जात नाही! पालकाच्या हरितलवकात आसनं 14, तिथंही जात नाही. मधला दांडा स्प्रिंगसारखा पिळला जाऊन हा अपूर्णांक सांभाळतो. एका ग्लुकोजमधून 38 एटीपी, हा पाठ केलेला आकडा प्रत्यक्षात 30 ते 32 च्या घरात उतरतो. त्यामागच्या कारणांत हा अपूर्णांकही आहे.

पण हे फिरताना पाहिलं कोणी? 1997 च्याच मार्चमध्ये नोजी, यासुदा, योशिदा आणि किनोशिता या जपानी मंडळींनी. त्यांनी टोपी वेगळी काढली, काचेवर उलटी चिकटवली आणि वर आलेल्या दांड्याला ॲक्टिन या प्रथिनाचा चमकणारा धागा बांधला. मग एटीपी घातलं. आमच्याकडच्या घाटघरच्या उदंचन प्रकल्पात जी यंत्रं वीज बनवतात तीच रात्री पाणी वर चढवतात, तसं हे यंत्रही उलटं चालतं: एटीपी मोडायचं, दांडा फिरवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली धागा घड्याळाच्या उलट दिशेनं फिरताना दिसला. धाग्याची लांबी यंत्राच्या शंभरपटीहून जास्त, आणि या आकाराला पाणी म्हणजे काकवीच. चरकाच्या खांबाला शेकडो फुटी बांबू बांधून तो काकवीत फिरवावा तसं हे काम. एटीपी अगदी कमी ठेवलं तर धागा 120 अंश फिरून थांबे, पुन्हा 120 अंश, पुन्हा थांबे. मधल्या थांब्यावर तो नुसता थरथरत असे. घर्षणात गेलेली ऊर्जा मोजली तर ती एका एटीपीतून मिळणाऱ्या ऊर्जेच्या जवळपास भरली. 2004 मध्ये इतोह आणि किनोशिता यांच्या गटानं दांड्याला चुंबकीय मणी लावून तो जबरदस्तीनं दुसऱ्या दिशेला फिरवला, आणि एटीपी बनलं. ते बनल्याची साक्ष दिली काजव्याच्या प्रकाशामागच्या रसायनांनी, कारण त्यांना उजळायला एटीपी लागतं.

‘मेटाबॉलिझम वाढवणाऱ्या’ पुड्या विकणाऱ्यांनी याच यंत्रावर डल्ला मारला आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल हे वजन उतरवण्याचं औषध म्हणून खपत होतं. ते पटलातून प्रोटॉनला चोरवाट करून देतं. चकती फिरत नाही, अन्न जळत राहतं, सगळी उष्णता. वजन उतरतं आणि माणूस आतून भाजून मरतोही. 1938 मध्ये त्यावर तिथं बंदी आली, तरी आजही ते इंटरनेटवर चोरून विकलं जातं.

हीच चकती अडकवणारं एक औषध मात्र उपयोगाचं निघालं. बेडाक्विलिन, अमेरिकेत 2012 अखेरीस मंजूर झालेलं, भारतात 2016 पासून औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी दिलं जाणारं. क्षयाच्या जीवाणूच्या पाळण्याला 9 आसनं असतात. बेडाक्विलिनचा रेणू त्यांच्या बेचक्यात पाचरीसारखा बसतो. आपल्या चकतीवर त्याची पकड त्या मानानं फारच ढिली. वाढ थांबवून निपचित पडलेल्या जीवाणूलाही जगायला थोडं एटीपी लागतंच, म्हणून जुन्या औषधांना चकवणारे असे जीवाणूही यानं मरतात. लगेच नाही. पहिले काही दिवस प्रयोगशाळेतल्या बशीत फारसं काही घडताना दिसत नाही, जीवाणू साठवलेल्या शिदोरीवर तग धरतात. मग ती संपते.