'ऋण त्वरण' : एका शब्दाने घातलेला घोळ

त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. तो एकसमान असताना वेग, वेळ आणि अंतर यांना जोडणारी तीन समीकरणं शाळेत अनेकदा न्यूटनच्या नावावर खपतात. त्यांचा गाभा मात्र त्याच्या आधीचा आहे. सरासरी वेगाचा नियम (अंतर म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगांची सरासरी गुणिले वेळ) १४व्या शतकात ऑक्सफर्डच्या गणितींनी मांडला होता. उतरत्या फळीवर गोळा सोडून पडणाऱ्या वस्तूशी त्याची सांगड घातली गॅलिलिओने, १६३८ साली लायडनला छापलेल्या ग्रंथात. त्याच्याकडे आजची समीकरणं नव्हती, गुणोत्तरं होती. समान वेळांत कापलेली अंतरं १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतात, असं तो सांगतो. या मांडणीत उणे चिन्हाला जागाच नव्हती. ते आलं नंतरच्या बीजगणिती रूपाबरोबर.

मराठीत जुन्या लेखनात 'प्रवेग' दिसतो, पुढे पाठ्यपुस्तकांत 'त्वरण' रुळलं. १९५६च्या कायद्याने दशमान मापं आली आणि आधीच्या पिढीने पाठ केलेले गुरुत्वत्वरणाचे, म्हणजे पडणाऱ्या वस्तूच्या त्वरणाचे, ३२ फूट जाऊन ९.८ मीटर आले. हे दोन्ही बदल सहज पचले. पचलं नाही ते 'ऋण त्वरण'.

वेग वाढला की धन त्वरण, कमी झाला की ऋण, अशी व्याख्या पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. ब्रेक लावलेल्या गाडीपुरती ती चालते, कारण तिथे गाडीची दिशा आपण आपोआप धन धरलेली असते. त्यात मराठीत ऋण म्हणजे कर्जही, त्यामुळे काहीतरी घटतंय हा अर्थ मनात पक्का बसतो. खरं तर चिन्ह दिशेचं असतं. वेग आणि त्वरण यांची चिन्हं विरुद्ध असतील तरच वस्तू मंदावते. मंदावण्यासाठी 'मंदन' हा वेगळा शब्द आहे. तो तेवढ्यासाठीच राखून ठेवायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

३० मीटर उंच इमारतीवरून चेंडू सेकंदाला ५ मीटर वेगाने सरळ वर फेकला, गुरुत्वत्वरण १० धरलं, तर तो जमिनीवर कधी पडेल? व्याख्या घोकलेली मुलं गणिताचे दोन तुकडे करतात. वर जाताना उणे १०, अर्धा सेकंद. खाली येताना अधिक १०, ३१.२५ मीटर, अडीच सेकंद. बेरीज ३. उत्तर बरोबर येतं, म्हणून गैरसमज तसाच पुढे अकरावीत जातो. वरची दिशा एकदाच धन धरली की त्वरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत उणे १० आणि विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं दिशेसह अंतर, उणे ३०. एकच वर्गसमीकरण मांडायचं, त्यातून ३ आणि उणे २ ही उत्तरं येतात. उणे २ ही चेंडू फेकण्याआधीची वेळ, म्हणून ती सोडून द्यायची. खाली येताना चेंडूचा वेग वाढतच असतो, तरी त्वरण उणेच राहतं. सर्वांत वरच्या बिंदूला वेग शून्य होतो, तेव्हाही ते उणे १०च असतं.