पिंजरा आणि पट्टा

भोसरीतल्या एका शेडमध्ये कॉलेजची मुलं ‘बाहा’ स्पर्धेसाठी ऑफ-रोड बग्गी बांधत होती. आत बसून बघणाऱ्या एकाने विचारलं, “सर, रेसिंगच्या गो-कार्टला सीटबेल्टच नसतो. मग आम्हालाच एवढी बांधाबांध कशाला?”

प्रश्न बिनतोड होता. सर्किटवरची कार्ट जमिनीलगत धावते, डोक्यावर काहीच नाही. ती उलटली आणि ड्रायव्हर बांधलेला असला, तर तिच्याखालीच चिरडायचा. त्यापेक्षा बाहेर फेकला गेलेला बरा. पिंजरा नाही म्हणून पट्टाही नाही!

बग्गीचं उलटं. ती कधीतरी कोलांटी खाणार हे धरूनच भोवती नळ्यांचा रोल केज बांधतात. पण त्यात सुटा बसलेला माणूस म्हणजे डब्यातला खडा. आपटतो तो त्याच नळ्यांवर. हात बाहेर गेला तर त्याच नळीखाली सापडतो, म्हणून हातांनाही वेगळे पट्टे लागतात.

आपल्या मोटारींतला तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या नील्स बोलिन यांनी 1959 मध्ये आणला. पण तो एकाच खांद्यावरून जातो. गाडी लोळू लागली की दुसरा खांदा निसटू शकतो. म्हणून बग्गीत दोन्ही खांद्यांवरून, कमरेवरून आणि मांड्यांमधून असा पाच टोकांचा पट्टा. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, खाली कटीच्या हाडावर बसला पाहिजे. मांड्यांमधला त्याला वर सरकू देत नाही. खांद्याचे पट्टे मागे फार खाली अडकवले तर धक्क्यात मणक्यावरच दाब येतो. आणि ढिला पट्टा? पुण्यात कोपरात अडकवलेल्या हेल्मेटइतकाच कामाचा.

पिंजऱ्यासाठी ‘बाहा’च्या नियमांत प्रमाण धरलेली नळी 25.4 मिलिमीटर व्यासाची, 3 मिलिमीटर जाड पोलादाची. “भरीव सळईच घेऊ की,” असं कुणीतरी म्हणतंच. तेवढ्याच वजनाची भरीव सळई जेमतेम 16.4 मिलिमीटरची होते, आणि नळी तिच्यापेक्षा पावणेचार पटींहून जास्त ताठ असते. वाकण्याला विरोध करतं ते मध्यापासून लांबचं पोलाद; मधलं नुसतं वजन वाढवतं. शिवाय नळ्यांचे त्रिकोण हवेत. चौकोन कोपऱ्यांत मुरडतो, त्रिकोण मुरडायचा तर बाजूच ताणावी किंवा दाबावी लागते.

आता हिशोब. ताशी 40 किलोमीटरने बांधाला धडकलेली बग्गी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 60 किलोच्या मुलाला धरून ठेवायला सरासरी 680 किलो वजनाएवढा जोर लागतो. स्टिअरिंग घट्ट धरून हे होत नाही.

मी वाकून कमरेच्या पट्ट्याचा बोल्ट पाहिला. तो सीटच्या पातळ पत्र्यात कसलेला होता. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकाने पाना घेतला, दुसरा फ्रेमला वेल्ड करायला जाड पट्टी शोधू लागला.