रुग्णसाहित्य केंद्राचा कायम निधी : पार्श्वभूमी

कायम निधी म्हणजे मूळ रक्कम तशीच ठेवून फक्त व्याज वापरायचा निधी. केंद्राचा हा निधी ज्या मुदत ठेवीत होता ती 2021 मध्ये मोडली, आणि तो विषय यंदाच्या वार्षिक सभेत पुन्हा निघणार आहे. रुग्णांना घरी वापरायला साहित्य देणाऱ्या नाशकातल्या या छोट्या केंद्राकडे सुरुवातीला देणगीत आलेल्या दोन-चार खाटा आणि कुबड्या होत्या. नव्वदच्या दशकात ठेवीवर दहा-बारा टक्के व्याज मिळे, त्यातच जागेचं भाडं आणि मदतनिसाचा पगार भागायचा. पुढे दर उतरत गेले. 2020 मध्ये ते साडेपाच टक्क्यांच्या आसपास आले आणि दरमहा तूट पडू लागली. 2014 पासून मोठ्या कंपन्यांवर सामाजिक खर्चाचं बंधन आलं, तेव्हा सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडून आशा होती. व्हीलचेअर मिळाल्या, भाड्याला मात्र कोणी पैसे दिले नाहीत.

खरा गुंता ‘अनामत’ या शब्दात आहे. खाट नेताना नातेवाईक अनामत ठेवतात. ती परत करायची असते, म्हणजे ताळेबंदात ते देणं. पण रुग्ण गेल्यावर खाट परत घेऊन आलेला मुलगा पुष्कळदा म्हणतो, “राहू द्या, कोणाच्या तरी कामी येईल.” त्याच वेळी देणगीची पावती फाडायला हवी होती. त्याऐवजी वहीत नावापुढे पेन्सिलीनं ‘रा. दे.’ (राहू दे) एवढंच लिहिलं जाई आणि वर्षअखेरीला त्या रकमा कायम निधीत जात. कायम निधीसाठी देणगीदाराची तशी स्पष्ट सूचना लागते. इथे ती कुठेच नाही.

एप्रिल 2021 मध्ये शहरात ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू असताना विश्वस्तांनी ठेव मोडून कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारी यंत्रं, घेतले. तो निर्णय योग्यच होता. त्या आठवड्यात केंद्राच्या दारात उभं राहिलेला कोणीही वेगळं म्हणणार नाही. कायम निधीला हात लावायला नको होता, हा आक्षेप तेव्हापासून कायम आहे. त्यातच त्याच आर्थिक वर्षापासून प्राप्तिकराचा नियम बदलला. एरवी करमाफीसाठी अशा धर्मादाय संस्थेला उत्पन्नातले 85 टक्के त्या वर्षी कामावर खर्चावे लागतात. कायम निधीतून केलेला खर्च त्यात धरणं बंद झालं. निधी पुन्हा भरला तरच ती रक्कम धरतात, आणि 2023 च्या दुरुस्तीनं त्यालाही पाच वर्षांची मुदत घातली.

पण मोडलेल्या रकमेत मुळात कायम निधी होता किती? लेखापरीक्षकांनी आता जुन्या वह्या मागवल्या आहेत. पेन्सिलीच्या खुणा पुसट झाल्यात. एकेक नाव लावून, शक्य तिथे घरच्यांना फोन करून, देणं किती आणि देणगी किती हे वेगळं काढायचं काम दोन कार्यकर्त्यांनी हाती घेतलं आहे.