ओरडल्याने हिमस्खलन होत नाही

बर्फाळ डोंगरात जोरात ओरडलं की हिमस्खलन होतं, हे सिनेमांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. माणसाच्या आवाजाचा दाब त्यासाठी फारच तोकडा. सुरुंगाची गोष्ट वेगळी. खरी भानगड पायाखाली असते. घट्ट थराखाली कधीकधी साखरेसारखे सुटे, कंगोरेदार कण दडलेले असतात. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर माणसाचं वजन पडलं की तो कच्चा थर मोडतो आणि वरच्या घट्ट बर्फाची अख्खी लादी सुटते. जीवघेण्या लाद्या बहुतेकदा त्यांच्याखाली सापडलेल्यानेच किंवा त्याच्या सोबत्यानेच सोडवलेल्या असतात. पायाखाली ‘धप्प’ झालं, बर्फात सर्रकन भेग गेली, तर तीव्र उतारांपासून लांब व्हा. तिथे आधीच्या स्कीच्या खुणा दिसत असल्या तरी.